नेदरलँड्सला कुटुंबासह जाताय? कागदपत्रं आणि पहिले काही महिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून कंपनीच्या नोकरीवर नेदरलँड्सला निघालेल्या कुटुंबांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. ऑफर हातात आली की सगळ्यांचं लक्ष व्हिसाकडे लागतं. व्हिसाचं काम मात्र बहुतांशी कंपनीच करते. माणसं अडकतात ती जन्मदाखल्यावर, आणि तो दाखला आपल्या गावच्या कचेरीतूनच काढावा लागतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ऑफर लेटर आलंय. सगळ्यात आधी काय करू?

घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला आणि तुमचा विवाह नोंदणी दाखला बाहेर काढा. जेवणाच्या टेबलावर पासपोर्टशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. आडनावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं. एका कागदावर ‘देशपांडे’च्या शेवटी ई आणि दुसऱ्यावर नाही, आईचं नाव दाखल्यावर ‘सुमन’ आणि पासपोर्टवर ‘सुमनताई’, असे फरक जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात. भारतात त्यावाचून काही अडत नाही. नेदरलँड्समध्ये मात्र पहिल्या नोंदणीत जे नाव आणि जी तारीख चढते तीच पुढे कर, विमा, शाळा, बँक सगळीकडे जाते.

दाखल्याला प्लास्टिकचं लॅमिनेशन केलेलं असेल तर आजच नवी प्रत मागवा. लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचं सरकारी प्रमाणन, होत नाही. आपल्याकडे दाखला जपायचा म्हणून तो हमखास लॅमिनेट करतात, त्यामुळे ही अडचण फार जणांना येते.

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही. नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय.

सत्तर-ऐंशीच्या दशकात जन्मलेल्यांत हे सर्रास दिसतं. दवाखान्यातून नोंद गेली, बारसं नंतर झालं आणि नाव चढवायला कोणी परत गेलंच नाही. जिथे जन्म झाला तिथल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्यावा लागतो. गावात जन्म असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो, कारण त्यावर नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ तिन्ही असतात. मूळ नियमात नाव चढवायला १५ वर्षांची मर्यादा आहे. राज्य सरकारने मधूनमधून ती मुदत वाढवली आहे, त्यामुळे सध्या काय चालू आहे ते त्याच खिडकीवर विचारा.

नोंदच सापडत नसेल तर आधी ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्या आणि मग विलंबित नोंदणीच्या मार्गाला लागा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार एक वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीचा आदेश आता जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात. खूप जुन्या जन्मांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, बघायला सांगा, तिथे नोंद सापडल्याची उदाहरणं आहेत. या सगळ्याला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. तुम्ही नेदरलँड्समध्ये आणि काम गावी, असं होण्याआधी सुरुवात करा.

इतकं करूनही दाखला मिळालाच नाही, तर डच नगरपालिकेत शपथेवर निवेदन देऊन नोंद करता येते. तो शेवटचा उपाय आहे. दाखला मिळवण्यासाठी तुम्ही काय काय केलं ते कागदांवर दाखवावं लागतं, म्हणून अनुपलब्धता प्रमाणपत्र जपून ठेवा.

लग्नानंतर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही बदललं. आता?

हा मराठी घरांचा खास प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जन्मदाखल्यावर ‘मीनल दत्तात्रय कुलकर्णी’, पासपोर्टवर ‘सायली समीर जोशी’. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, पुढे आधार, पॅन, पासपोर्ट त्याच नावाने झाले. डच कायद्यात मात्र लग्नाने कोणाचंच नाव बदलत नाही. तिथल्या बाया जन्मनाव आयुष्यभर ठेवतात, नवऱ्याचं आडनाव फक्त वापरायची मुभा असते. त्यामुळे खिडकीपलीकडची व्यक्ती दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि अगदी प्रामाणिकपणे विचारते, की या दोघी एकच आहेत हे कशावरून समजायचं?

उत्तर कागदावरच द्यावं लागतं. विवाह दाखल्यावर लग्नापूर्वीचं पूर्ण नाव आणि लग्नानंतरचं नाव दोन्ही स्पष्ट असतील तर निम्मं काम झालं. तुमच्या दाखल्यावर ते आहे का, बघा. नसेल, किंवा पहिलं नावही बदललं असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदल प्रसिद्ध झालेला असणं सगळ्यात भक्कम. पूर्वी कधी राजपत्र केलं असेल तर त्याची प्रत शोधा. केलं नसेल तर शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो. राजपत्र, विवाह दाखला आणि जन्मदाखला या तिघांनी मिळून नावाची साखळी पूर्ण व्हायला हवी.

ज्यांचं लग्न व्हायचं आहे किंवा नुकतंच झालं आहे, त्यांना मी मनापासून सांगेन : परदेशी जायचा विचार असेल तर पासपोर्टवरचं जन्मनाव राहू द्या. भारतीय पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. सासरी कोणाला वाईट वाटत असेल तर हे कारण त्यांना नीट समजावून सांगा.

अपोस्टिल म्हणजे काय आणि ते कुठे होतं?

आपला सरकारी कागद खरा आहे, असं भारत सरकारने दुसऱ्या देशाला दिलेलं प्रमाणन म्हणजे अपोस्टिल. २००५ मध्ये भारत या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचं, म्हणजे मुंबईत मंत्रालयाच्या पातळीवरचं प्रमाणन होतं आणि त्यानंतर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं. कागदाच्या मागच्या बाजूला क्रमांक असलेलं स्टिकर लागतं. त्या क्रमांकावरून ते खरं आहे का, हे कोणीही ऑनलाइन तपासू शकतं. परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे. बाकीचे हजारो रुपये जातात ते एजंट, कुरिअर आणि घाई यांच्यावर.

अपोस्टिल जन्मदाखल्यांचं (मुलांचेसुद्धा) आणि विवाह दाखल्याचं करून घ्या. पदवी प्रमाणपत्रांचं करायचं की नाही ते कंपनीला विचारा. अपोस्टिल झालेल्या कागदाची पिन काढू नका आणि पानं सुटी करून स्कॅन करू नका.

दाखला पूर्ण मराठीत आहे. चालेल का?

तसाच चालणार नाही. डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एका भाषेत हवा. भाषांतर करण्यापेक्षा मूळ कार्यालयातूनच मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली संगणकीय प्रत मिळते का, ते आधी बघा. महापालिकांमध्ये सहसा मिळते. ती नवी प्रत घेऊनच अपोस्टिलला द्या. हाच क्रम ठेवा, नाहीतर अपोस्टिल जुन्या मराठी प्रतीवर होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

व्हिसा कोण काढतं? बायकोला किंवा नवऱ्याला नोकरी करता येईल का?

उच्चकुशल स्थलांतरित म्हणून जात असाल तर कंपनी मान्यताप्राप्त प्रायोजक असते आणि तीच डच स्थलांतर खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे अर्ज करते. कुटुंबाचा अर्ज त्याच वेळी करायला सांगा. ‘मी आधी जातो, मग बघू’ म्हणणाऱ्यांची घरं विनाकारण चार-सहा महिने विभागलेली राहतात. मंजुरी आली की भारतात पासपोर्टवर एमव्हीव्हीचं, म्हणजे डच प्रवेश व्हिसाचं, स्टिकर घ्यायचं आणि ते ९० दिवस चालतं. तेवढ्यात पोहोचायचं.

जोडीदाराच्या निवासपत्राच्या, म्हणजे निवास परवान्याच्या कार्डाच्या, मागे डच भाषेत लिहिलेलं असतं की काम करायला पूर्ण मोकळीक आहे, वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे तुमच्या जोडीदाराने पदवी, अनुभवपत्रं, जुन्या पगाराच्या स्लिपा हे सगळं सोबत आणायचं. नुसतं मागोमाग आलेलं माणूस म्हणून त्यांची फाइल रिकामी ठेवू नका.

क्षयरोगाची तपासणी खरंच करावी लागते का?

हो, भारतीय नागरिकांना लागते. निवास परवाना मिळाल्यापासून तीन महिन्यांत जीजीडी या सार्वजनिक आरोग्य केंद्रात करायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. वेळ आधी घ्या.

सामानात खायचं काय नेता येतं?

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे घरचं तूप, पेढे, खवा, चक्का राहू द्या. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता विमानतळावरच काढून घेतला जातो. यातून मोजक्या फळांना सूट आहे आणि त्यात नारळ आणि केळी येतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी, पापड, लोणचं यांची अडचण नाही. आईने तूप कढवून डबा भरलेला असतो, तिला हे आधीच सांगितलेलं बरं. तूप अ‍ॅम्स्टरडॅम, आम्स्टेलव्हीन, आइंडहोवन, हेग इथल्या भारतीय दुकानांत मिळतं.

१०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोख असेल तर सीमाशुल्काला कळवणं बंधनकारक आहे.

घर कसं शोधायचं? इथून बुक करू का?

घर हा नेदरलँड्सचा सगळ्यात अवघड भाग आहे. जाहिरात बघताना भाडं किंवा खोल्या यांच्याआधी एकच प्रश्न विचारा : या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का? ‘नोंदणी नाही’ असं उत्तर आलं तर घर कितीही छान असो, सोडून द्या. पत्त्याची नोंद नाही तर नागरिक क्रमांक (बीएसएन) नाही, आणि तो नाही तर पगारावर अवाच्या सवा कर कापला जातो, विमा अडतो, बँक अडते. कंपनी जे तात्पुरतं घर देते त्याबद्दलही हाच प्रश्न ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

घर न बघता, करार न वाचता, कोणी ‘चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणालं म्हणून भारतातून पैसे पाठवू नका. परदेशातून येणारे घायकुतीला आलेले असतात हे फसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. जुलै २०२३ पासूनच्या कायद्यानुसार अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घरमालकासाठी काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून दलाली मागता येत नाही. जुलै २०२४ पासून भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो. कोणी ‘एकच वर्षाचा’ म्हणत असेल तर कारण विचारा.

करारात घर ‘सजवलेलं’, म्हणजे फर्निचरसह, की ‘नुसतं’ तेही बघा. नुसतं म्हणजे इथे कधीकधी जमिनीवर फरशीचं आच्छादन नसतं आणि दिव्यांच्या जागी लोंबत्या वायरी असतात.

पहिल्या आठवड्यात काय काय?

पोहोचल्यापासून पाच दिवसांत खेमेंतेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोंदणीची विनंती करायची असते. वेळ भारतातूनच घ्या. अ‍ॅम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम, आइंडहोवन या भागांत परदेशी कर्मचाऱ्यांसाठी केंद्रं आहेत. तिथे निवासपत्र आणि नगरपालिकेची नोंदणी एकाच भेटीत होते. कंपनीकडून तीच वेळ मागा. घरातल्या सगळ्यांना, तान्ह्या बाळालासुद्धा, सोबत न्यावं लागतं. अपोस्टिल झालेले मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको.

पडद्यावर तुमची माहिती भरून झाली की ती तुम्हाला वाचायला देतात. तिथे घाई करू नका. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कुठल्या रकान्यात गेलंय ते बघा. तारीख आणि महिना उलटे झाले नाहीत ना, ते बघा. नंतर दुरुस्ती होते, पण पुन्हा कागद मागतात.

बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळाला की त्याच दिवशी डिजिडीचा अर्ज करा. सरकारी कामांचं ते लॉगिन आहे. त्याचं सक्रिय करण्याचं पत्र टपालाने घरी येतं, म्हणून टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा.

भारतातून काढलेला प्रवास विमा आहे. आरोग्य विमा वेगळा लागतो?

लागतो, आणि यात लोकांचं खरंच नुकसान होतं. नोकरी करणाऱ्याला आणि इथे राहणाऱ्या कुटुंबाला डच मूलभूत आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्यासाठी चार महिन्यांची मुदत मिळते. ‘चार महिने आहेत ना’ म्हणून थांबून पैसे वाचत नाहीत, कारण हप्ता पहिल्या दिवसापासूनच आकारतात. मुदत उलटली तर पत्र येतं आणि मग दंड. तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच घेऊन टाका.

मूलभूत विमा कुठलीही कंपनी नाकारू शकत नाही. मधुमेह असो की हृदयविकार, वय कितीही असो. १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नसतो, पण त्यांचं नाव विम्यात घालावं लागतं. मोठ्यांना वर्षाला उपचारांच्या खर्चातले पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. घराजवळच्या डॉक्टरकडे जाण्याचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. दातांचा खर्च मोठ्यांसाठी मूलभूत विम्यात जवळजवळ नसतोच. रूट कॅनाल राहिलं असेल तर भारतात करून या.

डॉक्टर थेट तज्ज्ञाकडे का पाठवत नाहीत?

इथे आधी हाउसआर्ट्स, म्हणजे आपला घराजवळचा डॉक्टर. त्याच्याकडे नाव नोंदवावं लागतं आणि अनेक ठिकाणी यादी भरलेली असते. म्हणून आजारी पडण्याआधीच नोंदवा. तज्ज्ञाकडे जायला त्याची चिठ्ठी लागते. तुमच्या चालू औषधांची मूळ रासायनिक नावं असलेलं इंग्रजी पत्र भारतातल्या डॉक्टरांकडून घेऊन या, कारण आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथे कोणाला माहीत नसतात.

मुलांच्या शाळेचं काय?

बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसाला शाळेत जायला लागतात आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर शाळा सक्तीची आहे. नव्याने आलेल्या, डच न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे भाषावर्ग असतात. साधारण वर्षभर तिथे काढून मूल नेहमीच्या शाळेत जातं. भारतातून लसीकरणाचं कार्ड, शेवटच्या दोन वर्षांचं प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला आणा. पहिले काही महिने मूल वर्गात गप्प बसतं. बाई काळजी करत नाहीत, तुम्हीही घरी मराठीच बोलत राहा.

तीस टक्क्यांची कर-सवलत काय आहे?

परदेशातून निवडून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त भत्ता म्हणून देता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे. अर्ज तुम्ही आणि कंपनी मिळून करता. नोकरी लागल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला तरच सवलत पहिल्या दिवसापासून मिळते. करारावर सही भारतात असतानाच झालेली असू द्या, तारखेसह. ‘एचआर बघेल’ असं धरून चालू नका, महिन्याभराने विचारा.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते?

नगरपालिकेत नोंद झाल्यापासून १८५ दिवस. त्यानंतर डच लायसन्स हवं. एरवी भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते आणि ती खर्चिक आहे. पण वरची कर-सवलत ज्यांना आहे त्यांना, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही, परीक्षेशिवाय बदलून मिळतं. तेव्हा भारतातलं लायसन्स मुदतीत आहे ना, हे निघण्याआधी बघा. जोडीदाराचंसुद्धा.

भारतातली बँक खाती, पीपीएफ, जमीन?

परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही आणि नवं उघडता येत नाही. शेतजमीन वारसाने आलेली असेल तर तुमच्या नावावर राहते, पण अनिवासी म्हणून नवी विकत घेता येत नाही. गावी वाटणीचं किंवा सातबाऱ्यावर नाव लावायचं काम अर्धवट असेल तर निघण्याआधी त्याचा निकाल लावा.

नोकरीसाठी बाहेर जात असाल आणि त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असाल, तर त्या वर्षी करासाठी अनिवासी धरले जाता. सप्टेंबरच्या शेवटी निघायचं की ऑक्टोबरमध्ये, हे ठरवताना हा हिशोब करा.

मुखत्यारपत्र भारतात असतानाच नोंदवून जा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र हेगच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवावं लागतं आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि भारतातलं सिमकार्ड बंद करू नका. बँकेचा, आधारचा, डीमॅटचा ओटीपी त्यावरच येतो. वडिलांच्या फोनमध्ये ते घालून ठेवलं तर त्यांना रात्री-अपरात्री फोन करावे लागतात, म्हणून रोमिंग चालू करून स्वतःजवळच ठेवा.

नोकरी गेली तर लगेच परतावं लागतं का?

नाही. परवान्याची मुदत शिल्लक असेल तर नवी नोकरी शोधायला तीन महिन्यांपर्यंत वेळ मिळतो. नवी कंपनीही मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते. आयएनडीच्या संकेतस्थळावर अशा कंपन्यांची यादी असते. ती चांगल्या दिवसांत एकदा बघून ठेवा.

आई-बाबांना कसं बोलवायचं?

शेंगेन व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तुम्ही हमीपत्राचा अर्ज भरून त्यावरची सही खेमेंतेत प्रमाणित करून घ्यायची आणि तो कागद भारतात पाठवायचा. तुमचं उत्पन्न किमान वेतनाइतकं तरी असावं लागतं. त्यांच्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तुमचं नातं दाखवायला पुन्हा तुमचाच जन्मदाखला लागतो, आणि त्यावरचं आईचं नाव तिच्या पासपोर्टशी जुळावं लागतं. म्हणून पहिल्या प्रश्नात आईचं नावही तपासा म्हटलं. कायमचं आणून ठेवण्यासाठी मात्र सोपा असा परवाना नाही. भावंडांशी त्याबद्दल निघण्याआधीच बोललेलं बरं.

इथे बाळ झालं तर?

जन्मानंतर तीन दिवसांत खेमेंतेत नोंद करायची. इथे जन्मल्याने बाळ डच होत नाही. आई-वडील दोघं भारतीय असतील तर एक वर्षाच्या आत हेगच्या दूतावासात जन्म नोंदवायचा आणि भारतीय पासपोर्ट काढायचा. नंतर बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज. खेमेंतेत नोंद करताना नाव कसं लिहायचं, वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, हे दवाखान्यात जाण्याआधी दोघांनी ठरवून कागदावर लिहून ठेवा. अधिकारी विचारतात तेव्हा बाबा एकटेच गेलेले असतात.